आश्रयाकडून कार्याकडे : महाराष्ट्रातील निराधार स्त्रिया, त्यांच्या संस्था आणि त्यांची आत्मकथने
(प्रस्तावना)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळात, वैधव्य, परित्याग किंवा अनाथपण वाट्याला आलेल्या काही स्त्रियांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात शिक्षिका, परिचारिका, वैद्य, लेखिका आणि संस्थाचालक म्हणून जे स्थान मिळवले, त्याचे वर्णन मराठीत आजवर बहुधा गौरवाच्या भाषेत झाले आहे. जिद्द, त्याग, सोशिकता आणि ध्येयनिष्ठा या चार गुणांवर ही चरित्रे उभी केली जातात, आणि वाचकाच्या मनावर असा ठसा उमटतो की दुःख जितके मोठे तितकी त्यातून निर्माण होणारी शक्तीही मोठी. हा समज या स्त्रियांच्या स्वतःच्या लेखनाला मात्र मानवणारा नाही. त्यांची आत्मकथने बारकाईने वाचली, तर त्यांत गुणांच्या चर्चेपेक्षा व्यवहाराच्या तपशिलाला अधिक जागा दिलेली आढळते : राहण्याची सोय कोठे झाली, अक्षरओळख कोणी करून दिली, मुलाची जबाबदारी कोणी उचलली, सासरच्यांनी कोणत्या अटीवर जाऊ दिले, आणि कोणत्या दारातून हात हलवत परतावे लागले. प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपादन या तपशिलावर आधारलेले आहे. आपत्तीकडून कार्याकडे जाणारी वाट या स्त्रियांच्या बाबतीत छप्पर, विद्या आणि समदुःखी स्त्रियांचा सहवास यांतून गेली. यांपैकी एखादी गोष्ट जेथे मिळाली नाही, तेथे असामान्य बुद्धीची स्त्रीदेखील भावाच्या किंवा दिराच्या स्वयंपाकघरातच राहिली.

विषयाची व्याप्ती समजण्यासाठी त्या काळातील वैधव्याचा अर्थ थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत मुलींचे विवाह आठव्या-दहाव्या वर्षी होत असल्यामुळे, संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आलेल्या मुलींची, म्हणजे बालविधवांची, संख्या लक्षणीय होती. पतीच्या मृत्यूनंतर विधवेचे केशवपन केले जाई, म्हणजे न्हाव्याकडून तिचे डोके भादरले जाई, आणि हा विधी एकदाच होऊन संपत नसे, तर केस वाढतील तसा आयुष्यभर पुन्हा पुन्हा करावा लागे. लहान मुलीच्या बाबतीत तो बहुधा ती वयात येईपर्यंत पुढे ढकलला जाई. केशवपन झालेल्या विधवेने आलवण, म्हणजे तांबड्या रंगाचे जाडेभरडे लुगडे, नेसावे, एकभुक्त राहावे आणि मंगलकार्यात समोर येऊ नये, असा दंडक होता. त्याच वेळी अशी स्त्री सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी घराला हवी असे, आणि तिच्या कष्टाला वेतन नसल्यामुळे तिचे घरात असणे कुटुंबाच्या सोयीचेही होते. विधवेला घरातून हाकलून दिल्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. तिला घराबाहेर पडू न दिल्याची उदाहरणे या आत्मकथनांत त्याहून अधिक सापडतात, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कायद्याने या स्थितीत फारसा फरक पडला नव्हता. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा विवाहाला मान्यता देणारा होता, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात येत असे. एकत्र कुटुंबातील निपुत्रिक विधवेला अन्नवस्त्राचा, म्हणजे निर्वाहखर्चाचा, हक्क असला तरी वाटणीचा नव्हता. १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या मिळकतीत मर्यादित हितसंबंध मिळाला आणि पूर्ण मालकी मिळण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. या ग्रंथात येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे घडणीचे आयुष्य त्यापूर्वीचे आहे, आणि म्हणून त्यांच्या कहाण्यांत शिक्षणाचा ध्यास इतका तीव्र का दिसतो, याचे एक उत्तर सरळ आहे : जमीन किंवा घर हाती येण्याची शक्यता नसलेल्या स्त्रीला स्वतःची म्हणता येईल अशी मिळकत विद्या हीच होती.

सर्व जातींची स्थिती सारखी नव्हती, हेही येथेच नोंदवले पाहिजे. कुणबी, माळी, सुतार इत्यादी अनेक जातींत पाटाची पद्धत होती. पाट म्हणजे विधवेचा अथवा सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीचा, पहिल्या लग्नाहून कमी प्रतिष्ठेचा परंतु जातीला मान्य असलेला दुसरा विवाह. पाटाची मुभा म्हणजे स्वातंत्र्य असे समजण्याचे कारण नाही, कारण कष्ट करणाऱ्या हातांची घराला असलेली गरज त्यामागे होती. तरीही तिच्यामुळे काही आयुष्यांना वेगळे वळण मिळाले. रखमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांची आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि जातीच्या रीतीप्रमाणे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. या सावत्र वडिलांच्या घरातील पुस्तकांनी आणि पाठिंब्याने रखमाबाई घडल्या. बालपणी झालेल्या विवाहानुसार नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले, पतीने १८८४ मध्ये दावा लावला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा अथवा कारावास भोगा असा निकाल झाल्यावर त्यांनी कारावासाची तयारी दर्शवली. पुढे तडजोड होऊन त्या लंडनला वैद्यकीचे शिक्षण घेण्यास गेल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. ज्या पतीकडे त्या कधी नांदल्या नाहीत, तो १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेचा वेश धारण केला. ही गोष्ट गौरवचरित्रांना अडचणीची वाटते आणि बहुधा गाळली जाते. प्रस्तुत अभ्यासाला मात्र अशाच जागा महत्त्वाच्या वाटतात, कारण रूढीशी न्यायालयात झुंज दिलेली स्त्रीही रूढीच्या कक्षेबाहेर पूर्णपणे जाऊन पोचली होती असे त्यांवरून म्हणता येत नाही.

निराधार स्त्रीसाठी छप्पर उभे करण्याचा महाराष्ट्रातील आरंभीचा ठळक प्रयत्न जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचा आहे. त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ज्यात गरोदर राहिलेल्या विधवेला गुप्तपणे बाळंत होता येई आणि मूल तेथे ठेवून जाता येई. भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा परागंदा होणे हेच पर्याय उरलेल्या स्त्रियांसाठी ही सोय होती, आणि अशाच एका ब्राह्मण विधवेच्या यशवंत नावाच्या मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. जोतीरावांच्या निधनानंतर सावित्रीबाई स्वतः विधवा झाल्या. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यासाठी रुग्णांची शुश्रूषा करत असताना त्यांना संसर्ग होऊन त्यांचा अंत झाला. गृहाचा हेतू जीव वाचवण्याचा होता, तेथे आलेल्या स्त्रियांना पुढचे आयुष्य उभारून देण्याइतकी साधने त्याच्याजवळ नव्हती, आणि त्या स्त्रियांपैकी कोणाचेही आत्मकथन उपलब्ध नाही. गुप्तता हीच ज्या आश्रयाची अट होती, त्याची साक्ष लेखी स्वरूपात मिळावी अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

आश्रयाला शिक्षणाची जोड देण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केले, आणि त्यांच्या आयुष्यक्रमाकडे पाहिले की या कल्पनेचा उगम लक्षात येतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, लक्ष्मीबाईंनी मुलीला, आणि तीर्थयात्रा करत पुराणे सांगणाऱ्या या कुटुंबाचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून मरण पावल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला, आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने वारल्यामुळे तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्या वेळी त्यांचे वय चोविसाच्या आसपास होते. वैधव्यानंतरच्या काही महिन्यांतच त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची आवश्यकता मांडली. हा वेग थक्क करणारा खरा, परंतु त्यामागे बालपणापासून मिळालेले शिक्षण होते, याचा विसर पडू देता कामा नये; तितक्याच वयाची, तितकीच बुद्धिमान आणि निरक्षर विधवा त्याच पुण्यात काय करू शकली असती, हा प्रश्न स्वतः रमाबाईंनाच पडला होता आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी तो आहे.

इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये झालेला त्यांचा ख्रिस्ती धर्मस्वीकार, अमेरिकेतील व्याख्याने, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ आणि बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी स्थापन झालेली संस्था यांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उभे राहिले. विधवांसाठी निवास आणि शाळा एकत्र असलेली ही संस्था पुढल्या वर्षी पुण्यास आली. धर्मांतराचा आग्रह न धरण्याच्या आश्वासनावर रानडे, भांडारकर यांसारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याचे दिसताच १८९३ मध्ये वादळ उठले, सल्लागार बाहेर पडले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याची चर्चा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या मुलींना काय हवे होते, हे मात्र त्या वेळी कोणी विचारले नाही, आणि नंतरच्या चर्चकांनीही क्वचितच विचारले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अन्नावाचून मरणाऱ्या मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. संस्थेचे स्वरूप तेथे पालटले. उच्चवर्णीय विधवांच्या वसतिगृहाच्या जागी सर्व जातींच्या, अंध, अपंग आणि समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची वसाहत आली, जिची लोकसंख्या शतक पालटताना दोन हजारांच्या आसपास पोहोचली होती. शेती, विणकाम, दूधदुभते आणि छपाई ही कामे त्या स्त्रियाच करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तेथील छापखान्यात तेथल्या स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलीने दुष्काळातील मुलींसाठी गाव वसवावे, यात योगायोगापेक्षा स्मृतीचा भाग मोठा आहे.

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांची कहाणी या ग्रंथात मध्यवर्ती ठरते, कारण दोन परस्परभिन्न मार्ग तीत एकत्र येतात. देवरूखच्या या बालविधवेला शिक्षणासाठी मुंबईस आणले ते भावाने. ११ मार्च १८९३ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, पुढे सर्वांच्या बाया, झाल्या. मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. परंतु या विवाहाचा खरा पेच पुण्यातच होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्यास नेला, तेव्हा विधवाविवाह आणि विधवाशिक्षण ही दोन कार्ये त्यांनी हेतुपुरस्सर वेगळी ठेवली, कारण पुनर्विवाहाशी जोडलेल्या आश्रमात सनातनी वृत्तीचे पालक मुली पाठवणार नाहीत आणि वर्गणीही देणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. धोरण म्हणून ते शहाणपणाचे होते आणि संस्थेच्या वाढीने त्याची उपयुक्तता सिद्धही झाली. त्याची किंमत मात्र पुनर्विवाहित पत्नीने मोजली. पतीने स्थापन केलेल्या, विधवांच्याच संस्थेत तिला संकोचाने वावरावे लागले, आणि घरखर्चाची ओढाताण होत असताना पतीचा पैसा, इतकेच नव्हे तर विम्याची पॉलिसीही, आश्रमाकडे जाताना पाहावी लागली. सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलेल्या ‘माझे पुराण’ (१९४४) या त्यांच्या आत्मकथनात याची बोच रोखठोक शब्दांत उतरली आहे. महर्षी कर्व्यांच्या चरित्रासोबत हे पुस्तक वाचले नाही, तर संस्थेच्या इतिहासाची निम्मी बाजू अंधारात राहते.

आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले हिने नेमका उलट मार्ग धरला. १८७० मध्ये जन्मलेल्या पार्वतीबाई विसाव्या वर्षी, एक मुलगा पदरी असताना, विधवा झाल्या. त्यांचे केशवपन झाले. बहिणीप्रमाणे पुनर्विवाह करावा असे सुचवले गेले असता त्यांनी तो नाकारला आणि पुढेही त्या मताने पुनर्विवाहाच्या विरोधीच राहिल्या. हिंगण्याच्या आश्रमात त्यांनी प्रथम स्वयंपाक आणि देखरेख सांभाळली, सोबत मोठ्या वयात शिक्षण घेतले, आणि नंतर आश्रमासाठी निधी गोळा करण्याचे काम पत्करले, ज्यात गावोगाव हिंडणे, अनोळखी घरी उतरणे आणि सभेत उभे राहून बोलणे आवश्यक होते. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. सोवळ्या विधवेचा जो वेश स्त्रीला समाजातून बाजूला काढण्यासाठी निर्माण झाला होता, तोच पार्वतीबाईंना सनातनी घरांत प्रवेश मिळवून देणारा परवाना ठरला. आलवणातील स्त्री विधवांच्या शिक्षणासाठी झोळी पसरते आहे, म्हटल्यावर तिच्यावर धर्म बुडवल्याचा आरोप करणे कठीण होते. कित्येक वर्षे या वेशाचा असा उपयोग झाल्यावर, केशवपनाला आपल्या मनाचा आधार उरलेला नाही असे जाणवताच त्यांनी केस वाढवण्याचा निर्णय जाहीरपणे घेतला आणि त्यापायी झालेली टीका सोसली. सुधारणेचा क्रम येथे विचारातून आचाराकडे गेलेला नाही. आधी काम आले, कामातून आत्मविश्वास आला, आणि आपल्या देहाविषयीचा निर्णय आपण घेऊ शकतो ही जाणीव त्यानंतर आली. मराठी विचारवंतांनी स्त्रीसुधारणेचे जे सिद्धान्त मांडले, त्यांत या क्रमाला स्थान नाही, आणि पार्वतीबाईंसारख्या अल्पशिक्षित कार्यकर्तीकडून सिद्धान्त शिकावा असे कोणाला वाटलेही नाही.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमासाठी साहाय्य मिळवण्यासाठी अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जवळजवळ येत नसताना, शाकाहाराचे नियम पाळत, परक्या घरांत मोलकरणीचे काम करून त्यांनी तेथे सुमारे दोन वर्षे काढली. ब्राह्मण विधवेने परदेशी कुटुंबाची भांडी घासणे ही त्या काळी अधःपतनाची परिसीमा मानली गेली असती; पार्वतीबाईंच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) या पुस्तकात मात्र त्याचा उल्लेख अनुभवाच्या नोंदीसारखा, कुतूहलाने येतो. या मोलाची आणि घरी केलेल्या बिनमोल स्वयंपाकाची तुलना वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते. पुढे या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला.

रमाबाई रानडे यांचे वैधव्य या सर्वांहून वेगळ्या परिस्थितीतले होते. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह, पतीकडून शिक्षण, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा छळवजा विरोध, आणि १९०१ मध्ये पतिनिधन. पैशाची विवंचना नसली तरी शोक खोल होता आणि काही काळ त्या सार्वजनिक जीवनातून पूर्णपणे निवृत्त झाल्या. त्यानंतर येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना आणि रुग्णालयातील रोग्यांना भेटण्यापासून त्यांचे कार्य पुन्हा सुरू झाले, १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली, आणि प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिक्षिका-प्रशिक्षण व परिचारिका-प्रशिक्षण यांचा विस्तार १९२४ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत होत राहिला. परिचारिकेचे काम त्या वेळी उच्चवर्णीयांत हलके आणि विटाळाचे मानले जाई. विधवांना या व्यवसायात आणून त्याला प्रतिष्ठा मिळवून देणे हे सेवासदनाचे मोठे योगदान समजले पाहिजे. असे असताना ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे त्यांचे गाजलेले पुस्तक पतीच्या मृत्यूपाशी थांबते. ज्या तेवीस वर्षांत त्यांनी स्वतःचे म्हणता येईल असे कार्य उभे केले, त्यांच्याविषयी त्यांनी तितक्या विस्ताराने लिहिले नाही. पतीच्या सहवासाचे वर्णन प्रकाशनयोग्य आणि स्वतःच्या कर्तृत्वाचे वर्णन अनुचित, असा संकेत येथे काम करताना दिसतो. आत्मकथनांच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्याने ही पोकळी संस्थांच्या अहवालांतून भरून काढणे भाग आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३६) या संग्रहात थोडी परकी वाटेल, कारण त्यांचे दीर्घ संकट वैधव्याचे नव्हते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई मुलासह काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. सधवा असूनही पती नाही आणि विधवेची सहानुभूतीही नाही, अशी ही अवस्था परित्यक्तेच्या, म्हणजे नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीच्या, स्थितीला जवळची आहे. पुढे त्या स्वतःच्या विचाराने पतीकडे गेल्या, सोवळेओवळे टप्प्याटप्प्याने सोडले, १९०० मध्ये धर्मांतर केले आणि नगरच्या प्लेगात रुग्णांची सेवा केली. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या लेखिकेचा विनोद हा मराठी गद्याचा अमोल ठेवा आहे, आणि या ग्रंथाच्या दृष्टीने तो पुराव्याइतका महत्त्वाचाही आहे. सोसलेल्या स्त्रीने गंभीर आणि पवित्र दिसावे, ही वाचकाची अपेक्षा लक्ष्मीबाई पानोपानी मोडून काढतात. स्वतःच्या भाबडेपणावर, पतीच्या विक्षिप्तपणावर आणि दोन्ही धर्मांतील ढोंगावर त्या सारख्याच मोकळेपणाने हसतात.

पुढच्या पिढीतील उदाहरण म्हणून अनुताई वाघ यांचा समावेश केला आहे. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंना शिक्षणाची वाट तुलनेने मोकळी मिळाली, याचे श्रेय आधीच्या पिढीने तयार केलेल्या वातावरणाला आहे. पुण्यात शिक्षिकेची नोकरी करून १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीस गेल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी बालवाडी, तसेच गुरे राखणाऱ्या मुलांकडे स्वतः जाणारी कुरणशाळा, असे प्रयोग त्यांनी केले. वैधव्य हा त्यांच्या ओळखीचा मुद्दाच राहिला नाही, ही बाब एका अर्थाने आधीच्या अर्धशतकाच्या श्रमाचे फळ होय.

या संस्थांच्या मर्यादा झाकून ठेवण्याचा येथे हेतू नाही. शारदा सदन आणि हिंगणे यांचा आरंभीचा विद्यार्थिनीवर्ग प्रामुख्याने ब्राह्मण होता. तेथील स्वयंपाक, पंगत आणि नियम त्या वर्गाला सोयीचे होते. आणि दलित स्त्रीचे दुःख या चौकटीत येतच नव्हते. तिला घराबाहेर पडण्याची बंदी नव्हती, कारण शेतात आणि रस्त्यावर राबल्यावाचून तिची चूलच पेटत नव्हती. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांची आत्मकथने १९८० च्या दशकात पुस्तकरूपाने आली, तेव्हा मराठी वाचकाला हे सलगपणे कळले. त्यांचा अभ्यास या ग्रंथात जोडपत्र म्हणून करणे अन्यायाचे ठरले असते, आणि म्हणून तो स्वतंत्र ग्रंथासाठी राखून ठेवला आहे. शिवाय आश्रमाचे जीवन शिस्तीचे, कडक वेळापत्रकाचे आणि चारित्र्याविषयी सतत जागरूक असलेले होते. विधवेला काम मिळाले, परंतु बहुधा सेवेच्या स्वरूपातच. तिने स्वतःसाठी आनंद, महत्त्वाकांक्षा किंवा प्रेम मागावे, ही गोष्ट सुधारकांनाही पेलणारी नव्हती. त्यागाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत तिला आपले कार्य मांडता आले नाही, याचे कारण दुसऱ्या भाषेला देणगी मिळत नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेचे चित्र काहीसे विस्कटते. शासकीय आधारगृहे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखे मासिक साहाय्य आणि कायद्याने मिळालेला वारसाहक्क यांमुळे संस्थेवरचे अवलंबन कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात गेली काही दशके सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती एकट्या स्त्रीच्या पराक्रमाला. गरोदरपणी घराबाहेर काढल्या गेलेल्या, रेल्वेत भीक मागून जगलेल्या आणि पुढे शेकडो अनाथांच्या माई झालेल्या सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्या आयुष्याने महाराष्ट्राला हेलावून सोडले, ते रास्तच होते. परंतु त्यांना सर्व काही भाषणे करून, लोकांपुढे पदर पसरून उभारावे लागले, या वस्तुस्थितीकडे श्रोत्यांनी प्रेरणा म्हणून पाहिले. जिल्ह्यात एकही सुरक्षित जागा अशा स्त्रीला का सापडली नाही, असा प्रश्न टाळ्यांच्या गजरात विचारला गेला नाही. याउलट १९८८ मध्ये संगमनेरला भरलेल्या परित्यक्ता परिषदेने नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न पोटगी, शिधापत्रिका आणि घर या मागण्यांच्या भाषेत मांडला, आणि मराठवाडा-विदर्भातील एकल महिलांच्या, म्हणजे विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित स्त्रियांच्या, संघटनांनी तोच धागा पुढे नेला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून घेण्यासाठी तलाठी कार्यालयात घालाव्या लागणाऱ्या खेपा, आणि पार्वतीबाईंच्या पिढीला नाकारला गेलेला वाटणीचा हक्क, यांतील सातत्य इतिहासाच्या अभ्यासकाला सहज जाणवते. फरक इतकाच की आज कायदा तिच्या बाजूला आहे आणि दीर किंवा सासरा बहुधा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. केशवपन नाहीसे झाल्यानंतरही विधवेच्या देहावर वैधव्य कोरण्याची रीत किती काळ टिकून होती, याची ही अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल.

शेवटी साधनांविषयी. आत्मकथन हे या ग्रंथाचे मुख्य साधन असले, तरी ते जसेच्या तसे प्रमाण मानलेले नाही. ‘माझे पुराण’ संपादित होऊन आले, ‘माझी कहाणी’ संस्थेच्या कार्यकर्तीने लिहिली आणि पंडिता रमाबाईंचे बरेचसे इंग्रजी लेखन परदेशी आश्रयदात्यांना उद्देशून झाले. लेखिकेसमोर कोण बसले आहे, यानुसार दुःखाचा आणि कृतज्ञतेचा स्वर बदलतो. म्हणून प्रत्येक प्रकरणात आत्मकथनाशेजारी संस्थेचे वार्षिक अहवाल, समकालीन वृत्तपत्रांतील वाद आणि उपलब्ध असेल तेथे पत्रव्यवहार ठेवला आहे, आणि जेथे या साधनांत विसंगती दिसली तेथे ती मिटवून एकसंध कथा रचण्याऐवजी दोन्ही बाजू मजकुरातच दिल्या आहेत. प्रकरणांचा क्रम लेखिकांच्या जन्मसालानुसार न लावता संस्थांच्या स्थापनेनुसार लावला आहे, त्यामुळे आनंदीबाई कर्वे दोनदा भेटतात : एकदा शारदा सदनाच्या विद्यार्थिनी म्हणून, आणि नंतर हिंगण्याच्या आश्रमाच्या दाराशी.